पांचाळ अण्णांनी वाटून टाकलेले कणीस

दिघीच्या चौकात परवा जो फ्लेक्स लागला, त्यावरील मजकुराशी मी सहमत नाही.

'निःस्वार्थ कलागुरू कै. नागनाथ पांचाळ यांना भावपूर्ण श्रद्धांजली' असे त्यावर ठळक अक्षरांत छापलेले आहे. फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला असल्यामुळे अण्णा त्यात रागावलेले दिसतात. फ्लेक्सचा तेवढाच भाग सत्य आहे. खाली शोकाकुल मंडळींची रांग आहे आणि त्या रांगेत, हात जोडलेला, केस विंचरलेला महेश कदम उभा आहे. नावाखाली लिहिले आहे, 'पट्टशिष्य'.

माझे काम अर्ज लिहिण्याचे. पिंपरीत कचेरीच्या बाहेर झाडाखाली माझे टेबल असते. पूर्वी त्यावर टाइपरायटर होता, आता संगणक व प्रिंटर आहेत. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी मजकुराची बाब निघाली की काळे कोट घातलेली मंडळीही 'जरा बघा हो' म्हणून माझ्या खुर्चीपाशी येतात. खोटा मजकूर सार्वजनिक जागी टांगलेला असावा आणि मी त्याखालून रोज गाडी घेऊन जावे, हे मला जमण्यासारखे नाही. म्हणून पुढील गोष्टी नमूद करून ठेवीत आहे.

अण्णा निःस्वार्थ नव्हते. त्यांनी जे केले ते सूड म्हणून केले, थंड डोक्याने केले आणि शेवटपर्यंत केले. मला विचाराल तर त्यांचा तो सूड या फ्लेक्सवरच्या सगळ्या विशेषणांपेक्षा मोठा होता.

अण्णा मूळचे उदगीरकडचे. चाकणच्या एका कंपनीत टर्नर होते. कंपनीने ती लाइन बंद केली तेव्हा ते घरी आले आणि दिघीला घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये भंगारातल्या मोटरीवर एक छोटा लेथ उभा केला. लोखंड कातण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस लाकडाचे पेन कातू लागला. चाकणला परदेशातून यंत्रे येतात ती लाकडी खोक्यांतून. त्या खोक्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडे येतात आणि त्यांत कधीकधी असे लाकूड सापडते की त्याचे नाव इथल्या सुताराला माहीत नसते. अण्णांनाही नसे. ते तुकडा उचलून गालाला लावायचे. गार लागला की बाजूला फेकायचे. म्हणजे तो अजून ओला. गार नाही लागला की बोटाच्या पेराने टकटक करून ऐकायचे, मग वास घ्यायचे, आणि एवढे सगळे झाल्यावर भंगारवाल्याला म्हणायचे, "हे जळणाचं हाय, पण देऊन टाक."

तोंडात कायम भाजलेला ओवा. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे कधी बघायचे नाहीत, हातांकडे बघायचे. माझ्याशी पहिली भेट झाली तेव्हाही हातच पाहिले आणि म्हणाले, "ह्या हातानं कुणाचं घर बुडवलंस रं?" मी सांगितले की मी लोकांची घरे वाचवतो, अर्ज लिहितो. "मग तर लई बुडवली असशील," असे म्हणून त्यांनी मला बसायला स्टूल दिले. तेव्हापासून मी त्यांचा 'रायटर' झालो. मला सह्या करण्यासाठी शाईचा पेन हवा होता, एवढ्याच कारणाने मी गेलो होतो. पेन मिळाला आणि मी जातच राहिलो.

नक्षीचे म्हणाल तर अण्णांची एकच नक्षी होती. ज्वारीचे कणीस. त्यांच्या ओट्यावर चिमण्यांसाठी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, कणसे टांगून ठेवीत. काकूंचा भाऊ गावाकडून आणून देई. एका दुपारी अर्धे टिपलेले कणीस समोर ठेवून अण्णांनी ते पेनवर उतरवले. निबेपाशी देठ, मग दाणे दाट होत मागच्या टोकापर्यंत चढत जाणारे, आणि मधेच दोनचार जागा रिकाम्या, चिमण्यांनी खाल्लेल्या. त्या रिकाम्या जागांमुळेच ते कणीस खरे वाटायचे. कोणी विचारले की इथे दाणे का नाहीत, तर अण्णा म्हणत, "तुझ्या आधी येऊन गेलंय कुणीतरी."

या कामाची अवजारे दुकानात मिळत नाहीत, निदान अण्णांना ती पटत नव्हती. मोडक्या छत्रीची काडी ते जपून ठेवत. ती काडी पन्हळीसारखी असते. तिचे टोक घासून धार केली आणि मागे लाकडी मूठ बसवली की बारीक रेघ काढणारे हत्यार तयार. दाण्यासाठी तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडची अर्धगोल पटाशी. बस्स, दोनच. तिसरे हत्यार मागणाऱ्याला ते म्हणत, "तिसरं कामून? तिसरा हात हाय का?"

कदम आणि मी साधारण एकाच काळात शिकायला बसलो. कदम निगडीला भेटवस्तूंच्या दुकानात कामाला होता, नंतर ते दुकान त्यानेच घेतले. माझ्या हाताला हे काम येणार नाही, हे अण्णांनी लवकरच जाहीर केले. "रायटर, तू फक्त बघ. बघणारा बी एक लागतो." कदमाचा हात मात्र चांगला होता. हे मी मान्य करतो. त्याच्या विरुद्ध लिहिताना खोटे लिहिण्याची मला गरज नाही. त्याचे दाणे सुबक निघत. अण्णा त्याच्या हातांकडे बघत तेव्हा ओवा चावायचे थांबत. काकू त्याला जेवल्याशिवाय सोडत नसत.

मग तो येईनासा झाला. दुकान वाढले म्हणून वेळ मिळत नसेल, असे अण्णा म्हणत राहिले.

प्राधिकरणात एका सभागृहात हस्तकलेचे प्रदर्शन होते. अण्णांनी पहिल्यांदाच टेबल घेतले होते. काकूंनी इस्त्रीचा सदरा घालायला लावला होता, मी पाट्या लिहून दिल्या होत्या. एक बाई आल्या, पेन उचलून बघितला आणि खाली ठेवला.

"हे कदमांचं डिझाइन आहे ना?"

"कुणाचं?" अण्णांनी विचारले.

"कदमांचं. निगडीला दुकान आहे त्यांचं. आमच्या ह्यांना निरोप समारंभात मिळालं होतं. तुम्ही कॉपी करता का काका? मग तसं लिहा तरी."

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या पर्समध्ये तो पेन होता. त्यांनी काढून दाखवला. डबी मखमली, आत एक छापील कार्ड: 'कदम घराण्याची पारंपरिक कणीस नक्षी. संपूर्ण हस्तकोरीव.' कणीस तेच. रिकाम्या जागासुद्धा त्याच, चिमण्यांनी खाल्लेल्या. फक्त ते यंत्रावर कोरलेले होते. प्रत्येक दाणा शेजारच्यासारखा, जणू एकाच आईची पोरे गणवेशात उभी केली आहेत.

अण्णांनी तो पेन गालाला लावला. बाईंना वाटले, म्हातारा वेडा आहे. त्यांनी तो हळूच परत घेतला.

अण्णा त्या दिवशी भांडले नाहीत. टेबल आवरले, पाट्या माझ्या हातात दिल्या, आणि आम्ही कदमाच्या दुकानात गेलो. कदम काउंटरमागे होता. त्याने चहा मागवला. अण्णांनी चहाला हात लावला नाही.

"घराणं कधी काढलंस रं?"

"अण्णा, मार्केटिंग आहे हो ते. लोकांना घराणं लागतं." तो हसून बोलत होता. "आणि एक सांगू का, तुम्ही जरा वेगळी नक्षी घ्या आता. मोर काढा, कमळ काढा. नाहीतर लोकांचा गोंधळ होतो. कालच एक कस्टमर म्हणत होता, दिघीला कुणीतरी तुमची नक्कल करतंय."

मी तिथेच त्याला कायद्याच्या भाषेत चार शब्द ऐकवले. तो म्हणाला, "रायटरसाहेब, अर्ज करा की." माझ्या आयुष्यात मला इतक्या हलक्या आवाजात कोणी शिवी दिली नव्हती.

मी अर्ज केले. अर्ज उत्तम होते. एकाही ओळीत खाडाखोड नाही, मुद्दे क्रमवार, भाषा विनम्र परंतु ठाम. एका कार्यालयाने कळवले की हा विषय आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने कळवले की पहिल्याकडे जावे. तिसऱ्या ठिकाणचा कारकून तोंडी म्हणाला, "कणीस कुणाचं असतं का हो? शेतात उगवतं ते." कदमाने मात्र म्हणे कुठेतरी वकिलामार्फत कागद दाखल केले होते आणि ती नक्षी आता त्याचीच धरावी असा त्याचा दावा होता. खरे-खोटे मला ठाऊक नाही, पण तो तसे सगळ्यांना सांगत फिरे.

मी शेडमध्ये जाऊन अण्णांना शेवटचे उत्तर वाचून दाखवले. ते लेथवर काहीतरी घासत होते. थांबले नाहीत.

"रायटर, तुझ्या कागदाला दात न्हाईत."

मला लागले. पण पुढे जे बोलले त्यामुळे मी अपमान विसरलो.

"एखादी चीज एकाची आसली की तिची चोरी होती. सगळ्यांची आसली तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी हे कणीस वाटून टाकणार. येईल त्याला शिकवणार. फुकट. दिघी, भोसरी, चाकण, जिथं हात हाय तिथं कणीस. मग बघू कुणाचं घराणं आणि कुणाची मखमल."

काकू दारात उभ्या होत्या. काकूंनी कधी त्यांच्या कामात तोंड घातलेले मी पाहिले नव्हते. त्या म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना दिलं तर तुमचं काय राहील? तुमच्यापाशी दुसरं हाय काय?"

"काय बी राहणार न्हाई."

"मग?"

"त्याचं बी राहणार न्हाई."

अण्णांना दुसरी नक्षी येत नव्हती. त्यांच्या नावावर या जगात तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती ते स्वतःच्या हाताने पेटवून देणार होते, शेजारच्याचे घर जळावे म्हणून. माझ्या व्यवसायात मी सुडाचे पुष्कळ नमुने पाहिले आहेत. भाऊ भावावर अर्ज करतो, सून सासूवर करते. पण प्रत्येकाला सूड घेऊन वर काहीतरी हवे असते. अण्णांना वर काही नको होते. असा शुद्ध माल माझ्या टेबलावर पुन्हा आला नाही.

रविवारी शेडमध्ये वर्ग सुरू झाला. येणाऱ्याने घरून एक जुने लाटणे आणायचे, हा एकच नियम.

लाटणेच का, हे मी अनेकांना समजावून सांगितले आहे, कारण अण्णा समजावत नसत. सपाट फळीवर कोणीही रेघ कोरील. पेन गोल असतो. गोल वस्तूवर रेघ हातातून निसटते. पुढे जाते तशी खाली उतरते, आणि हत्यार हवेत जाते किंवा बोटात जाते. लाटणे म्हणजे मोठा पेनच. लाकूड वर्षानुवर्षे पीठ आणि तेल पिऊन मुरलेले, त्यामुळे पटकन तडकत नाही. शिवाय ते मुठीएवढे जाड, म्हणजे चुकायला जागा भरपूर. पेनला ती नसते. पेनच्या आत पितळी नळी चिकटवलेली असते आणि तिच्यावर लाकडाची जेमतेम साल. हत्यार जरा खोल गेले की आतून पिवळे चमकते आणि तो पेन संपला.

लाटण्यामुळे घरोघर काय झाले ते विचारू नका. भोसरीच्या एक पवारबाई येत, शिवणकाम करणाऱ्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अण्णा, लाटणं इथं ठेवलं तर पोळ्या कशावर लाटू? तुमच्या डोक्यावर?"

"लाट की," अण्णा म्हणाले, "गोलच हाय."

शेडमध्ये मोठा हशा झाला. अण्णा हसले नाहीत.

शिकवण्याची पद्धत अशी. आधी हत्यार नाहीच. पेन्सिलीने लाटण्याभोवती वेढा घेत जाणारी रेघ काढायची, सुरुवातीपासून टोकापर्यंत, न थांबता. ज्याची रेघ मधे जाडबारीक झाली त्याने पुसून पुन्हा काढायची. मग छत्रीची काडी. लाटणे खाचेच्या ठोकळ्यात ठेवायचे, दोन्ही अंगठे एकमेकांना भिडवायचे. उजवा ढकलतो, डावा अडवतो. डाव्या अंगठ्याने अडवले नाही तर हत्यार धावत सुटते. मग दाणा. दाणा म्हणजे समोरासमोर दोन कंस, आणि त्यांच्या बाहेरचे लाकूड हलके उतरवले की मधला भाग आपोआप फुगून वर येतो. दाणा कोरायचा नसतो, दाण्याच्या आजूबाजूचे कोरायचे असते. आणि कणसाच्या एका बाजूचे दाणे लाकडाच्या रेषेबरोबर जातात, दुसऱ्या बाजूचे उलटे. उलट्या बाजूला जोर केला की ढलपी उडते. तिथे लाटणे उलटे करून दुसऱ्या टोकाकडून यायचे.

कंपनीतली माणसे यायची त्यांची एक चूक ठरलेली असे. ती हत्यार घट्ट धरून ठेवत आणि लाटणे त्याखाली फिरवत. त्यांचा दोष नव्हता. लेथवर काम फिरते आणि हत्यार जागेवर असते; सगळी नोकरी त्यातच गेलेली. पवारबाईंचे किंवा वर्गाला येणाऱ्या रखवालदारांचे असे होत नसे. पण टर्नर, फिटर हमखास लाटणे फिरवायचे, आणि पूर्ण लाटण्याभोवती एक सरळ चर पडायचा. अण्णा त्यांच्या मनगटावर पट्टी मारत.

"लेथ न्हाई हा! इथं काम गप बसतंय, हात चालतोय. आयुष्यभर कामाला नाचवलंस, आता तू नाच!"

हे वाचून कोणाला वाटेल की किती तळमळीचा शिक्षक. म्हणून पुढील प्रसंग सांगतो. चाकणच्या एका कारखान्यात रंगकाम करणारा तरणा गडी होता, सोनवणे नावाचा. हात विलक्षण. त्याने एका रविवारी कणसाच्या ऐवजी लाटण्यावर पिंपळाची पाने काढून आणली. एकेका पानाची शीर दिसत होती. सगळे बघत राहिले. मला वाटले, आता अण्णा ओवा चावायचे थांबणार.

अण्णांनी लाटणे उलटसुलट केले आणि परत दिले. "कणीस कुठाय?"

"अण्णा, कणीस येतं मला. म्हणलं कायतरी आपलं काढावं."

"आपलं काढायचं आसल तर आपल्या घरी काढ. इथं कणीस."

"पण अण्णा, कला म्हणून..."

"कला-बिला कदमाला इचार. तू कदमाच्या दुकानापासनं किती लांब राहतोस?"

"जवळच. दोन गल्ल्या."

"मग तू कणीसच काढायचं. आणि त्याच्या दारासमोर बसून काढायचं."

निःस्वार्थ कलागुरूने असे केले असते काय, याचा विचार फ्लेक्स लावणाऱ्यांनी करावा. सोनवणे रागाने निघून गेला. पुढे त्याने पिंपळपानांवरच नाव काढले असे ऐकतो. अण्णांना त्याचे दुःख झाले नाही. ते मला म्हणाले, "बंदूक गेली एक."

दोन पावसाळे लोटले असतील नसतील, कणीस सर्वत्र झाले. शिकलेल्यांनी शिकवले, त्यांनी पुढच्यांना. पेनचे सांगाडे भोसरीत तयार मिळू लागले. कोणी सुरेख कोरी, कोणी असे की ते कणीस की गोम ते कळू नये. कंपन्यांच्या गेटबाहेर चहाच्या टपऱ्यांवर कणसाचे पेन लटकू लागले. सत्कारात देणारे म्हणू लागले, "ते कणीसवालं नको, ते काय कुठेही मिळतं." कदमाच्या मखमली डब्या काचेमागे पिवळ्या पडत गेल्या. त्याने ज्यांच्यावर दावा लावायचा ती माणसे एक-दोन नव्हती. शिवणकामवाली, रखवालदार, शिफ्ट संपवून आलेला वेल्डर. कोणाकोणाला वकिलाची नोटीस पाठवणार? दोघांना पाठवली, तर ते ती घेऊन माझ्याच टेबलावर आले. मी उत्तरे लिहून दिली. तो मजकूर लिहिताना मला जो आनंद झाला, तसा स्वतःच्या कन्येच्या लग्नपत्रिकेचा लिहितानाही झाला नव्हता.

मग एका रविवारी कदम स्वतः शेडमध्ये आला.

वर्ग भरलेला होता. तो दारात बूट काढून उभा राहिला. हातात मिठाईचा पुडा. काकू आतून आल्या आणि सवयीने "ये रे" म्हणाल्या, मग जागच्या जागी थबकल्या.

"अण्णा, बाहेर येता का जरा? बोलायचंय."

"इथंच बोल. सगळी घराण्यातलीच माणसं हायेत."

कोणीतरी मागे खुदकन हसले. कदमाचा चेहरा उतरला होता; तो वाळला होता खरा. तो हळू बोलला, पण पत्र्याच्या शेडमध्ये हळू काही राहत नाही.

"अण्णा, माझं चुकलं. मी कार्ड बदलतो. तुमचं नाव टाकतो. 'नागनाथ पांचाळ यांची नक्षी.' डबीवर, पेनवर, दुकानाच्या पाटीवर सुद्धा. तुमचा फोटो लावतो. फक्त हे थांबवा. आता थांबवलं तर अजून सावरेल, दोघांचंही. नाहीतर तुमचं पण नाव बुडेल, अण्णा. हे असलं काम..." त्याने समोरच्या एका लाटण्याकडे बोट केले, ज्यावरचे कणीस खरोखरच गोमेसारखे होते, "...हे असलं तुमच्या नावानं फिरायला पाहिजे का?"

मी अण्णांकडे पाहिले. ओवा चावणे थांबले होते. जे मागण्यासाठी मी इतके अर्ज केले होते, ते सगळे दारात बूट काढून उभे होते. मजकूरही जवळपास माझाच होता. मी मनातल्या मनात म्हणालो, घ्या. मला हेही कळत होते की ते घेणार नाहीत.

अण्णांनी कदमाच्या हातांकडे बघितले. बराच वेळ बघितले.

"नवा हायेस न्हवं? मागं जागा हाय, बस."

"अण्णा..."

"लाटणं आणलंस का?"

कदमाने हातातल्या मिठाईच्या पुड्याकडे पाहिले.

"मग पुढल्या रविवारी घेऊन ये. लाटण्याबिगर मी कुणाला घेत न्हाई." आणि वळून पवारबाईंना म्हणाले, "अंगठा! अंगठा कुठाय तुमचा? जेवायला गेलाय का?"

कदमाने मिठाईचा पुडा दारापाशी ठेवला आणि बूट हातात घेऊन गेला. बाहेर जाऊन मग घातले असतील. पुडा संध्याकाळपर्यंत तिथेच होता, मुंग्या लागल्या तेव्हा काकूंनी तो उचलला.

वर्ग सुटल्यावर काकू म्हणाल्या, "नाव देत होता हो तो. फोटो लावतो म्हणत होता."

"नाव काय करू घेऊन?" अण्णा म्हणाले. "मला माझं यायला नको हाय. त्याचं जायला पाहिजे."

काकू रडल्या. तो मुलगा त्यांच्या हातचे जेवला होता. त्यांचे रडणे मी समजू शकतो. अण्णांनी लेथवर फडके टाकले आणि झोपायला गेले.

त्यानंतर अण्णांनी स्वतः कणीस कोरले नाही. गिऱ्हाईक येईनासेच झाले होते, कोणी आलेच तर म्हणे, "टपरीवर मिळतं की हो, तुमच्याकडे कशाला?" ते साधे, बिननक्षीचे पेन कातत, आणि तेही क्वचित. वर्गही हळूहळू संपला, कारण शिकायला कोणी उरले नव्हते. ज्याला शिकायचे होते त्याला ते इतर कोणाकडून तरी येतच होते. कदमाच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे मिळतात. आणि आज तोच मनुष्य पट्टशिष्य म्हणून चौकात हात जोडून उभा आहे. नाव टाकण्याची संधी त्याला अण्णांनी जिवंतपणी नाकारली होती, ती त्याने अण्णा गेल्यावर साधली. म्हणून मी हे लिहीत आहे, आणि याची प्रत त्या फ्लेक्सच्या शेजारी डकवणार आहे. परवानगी घेतलेली नाही.

अण्णांना मी हिंडते-फिरते असे शेवटचे पाहिले ते निगडीच्या बस स्थानकावर. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्यांना नेले होते. पुढे आजारपणात पाहिले ते मी धरत नाही. आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारी कंपनीचा निळा शर्ट घातलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई बसची वाट बघत कसलासा अर्ज भरत होती. तिच्या हातात कणसाचा पेन होता. काम बरे नव्हते. दाणे एकीकडे कललेले, चिमण्यांच्या जागा तर कोणी ठेवल्याच नव्हत्या. सगळे कणीस गच्च भरलेले.

अण्णांनी तिच्या हाताकडे पाहिले.

"पोरी, हा पेन कुठला?"

"आमच्या लाइनीवरच्या एकीनं केलाय. का वो बाबा?"

"नक्षी कुणाची ही?"

"कुणाची म्हंजी? आमच्या इकडं सगळीच काढत्यात. आमची सासू बी काढती."

अण्णा थोडे पुढे वाकले. ओवा नव्हता तोंडात, तरी जबडा हलत होता.

"कदमांची न्हवं का?"

तिने पेनचे टोपण लावले, त्यांच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "कोण कदम?"

मला राहवले नाही. मी सांगणार होतो, बाई, हे जे शेजारी बसले आहेत ना, हे नागनाथ पांचाळ. तोंड उघडलेही होते. अण्णांनी बाकाखालून माझ्या पायावर पाय दिला, असा की अंगठा ठणकला, आणि पाय काढला नाही.

"न्हाई, काय न्हाई," ते तिला म्हणाले. "भर तू तुझा अर्ज."

दिघीची बस आली. ते माझा हात न धरता चढले, खिडकीपाशी जाऊन बसले. माझ्याकडे त्यांनी बघितले नाही. बस वळेपर्यंत मी बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते, सारखे तेच दोन शब्द, आणि प्रत्येक वेळी ते म्हणून झाले की अण्णा हसत होते.